‘हयात’समोरचा चौकोन

३ नोव्हें., सोम.
पेन्शनरांचा महिना लागला. हयातीच्या दाखल्यासाठी पुलगावातले सगळे काठीवाले सकाळपासून माझ्या ऑनलाइन फॉर्मांच्या दुकानात. ऋचानं, माझ्या लेकीनं, नागपुरात बसून बनवलेलं एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये आहे. नाव टाकलं की मागच्या वर्षीची माहिती भरतं, ‘हयात’समोर टिकही करतं. मी फक्त अंगठा घ्यायचा. आज त्याचं अपडेट आलेलं दिसलं.
खडसेकाकूंचा फॉर्म उघडला तर तो चौकोन रिकामा. बाकी सगळं ठीक. काकू हसल्या, “काऊन जी, मले मारून टाकलं का?” हातानं टिक केली, पाठवला.

७ नोव्हें.
खडसेकाकू गेल्या. झोपेतच. वय होतं.
दुपारी पोस्टातले रिटायर गोडे आले. चौकोन रिकामा. दिवसभरात एवढा एकच. पुन्हा हातानं टिक.

१० नोव्हें.
गोडे काल गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, म्हणे.
ऋचाला फोन. “बाबा, बग आहे. एखादा चौकोन सुटत असेल. त्या दोघांची वयं पाहा ना.” पटलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी विचारलं, नेमका यांचाच कसा सुटला? “शोधून राह्यले ना बाबा. सापडून नाई राह्यलं.”

११ नोव्हें., मंगळ.
दादा आले. माझे मोठे भाऊ, रोहण्याचे रिटायर मास्तर. पिशवीत पेरू. मला त्यांनीच शिकवलं, त्यांनीच हे दुकान टाकून दिलं.
चौकोन रिकामा.
“कर ना टिक, पाहून काय राह्यला?”
हात उचलेना. काकूंची टिक मीच केली होती, गोड्यांचीही मीच.
म्हटलं, सर्व्हर बंद आहे, शनिवारी या. खोटं बोललो. “एवढ्यासाठी बसचे धक्के खाल्ले,” म्हणून कुरकुरत गेले.
लगेच ऋचाला सांगितलं, अपडेट मागे घे. आत्ताच्या आत्ता. ती म्हणे, जुनं परत पाठवायचं तरी आवृत्तीचा नंबर पुढचाच द्यावा लागतो, शिवाय ब्राउझरवाल्या कंपनीकडून तपासणी होते. तीन-चार दिवस. मागे जायलाही पुढूनच रस्ता! कसली ही तऱ्हा.

१३ नोव्हें.
जुनं अजून आलं नाही. दादांना तीनदा फोन.
“काऊन रे, रोज रोज फोन करून राह्यला? बरा हायेस ना तू?”
म्हटलं, सहज. भीती वाटते आहे, दुसरं काही नाही. आज दोन पेन्शनर आले, मशीन बिघडलंय म्हणून परत पाठवले. त्यांचे फॉर्म उघडायचीच हिंमत झाली नाही.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी आलं. नंबर नवा, आत सगळं जुनं. दादांचं नाव टाकलं. टिक! आपोआप. डोळ्यांत पाणी आलं. ऋचाला फोन करून शाबासकी दिली. खूप दिवसांनी चहा गोड लागला.
मग काय सुचलं कोण जाणे, खडसेकाकूंचं नाव टाकलं. टिक. गोड्यांचं. टिक.
जुनं सगळ्यांनाच हयात म्हणतं. पहिल्यापासून तसंच होतं ते.
दादा अकराच्या बसनं यायचे होते. दोन वाजले. रिंग जाते, उचलत नाहीत. ऋचा म्हणते, बस चुकली असेल. असेल.
शटर ओढतो. आर्वीची बस अडीचला आहे, रोहण्याला उतरून दादांचं घर गाठतो.