लेकीची मुलाखत आणि माझे दहापैकी दहा

घरच्या सरकारांस सप्रेम नमस्कार,

लेक खुशाल आहे. नोकरी गेल्यापासून जरा कमी बोलते, एवढंच. तुझा गुडघा काय म्हणतो?

सोमवारी संगणकाच्या कंपनीत तिची मुलाखत आहे. काल सरावासाठी तिनं मला साहेब केलं. "तुमच्या हातून झालेली मोठी चूक सांगा," मी कागदावरचा प्रश्न वाचला. तिनं कवितेसारखं घडाघडा उत्तर म्हटलं. मी खूश होऊन दहापैकी दहा दिले.

"म्हणजे पाठ केलेलं वाटलं ना, बाबा? मग गेली हीसुद्धा नोकरी!" ती रडवेली झाली.

मला उमगेना. शाळेत अडखळणाऱ्याला बाकावर उभं करायचे. इथे म्हणे अडखळलेलंच खरं वाटतं.

तिच्यासाठी देवाकडे काय मागू? तिनं अडखळावं, की अडखळू नये?

तुझेच,
अहो