पिवळ्या बोयापर्यंत

मंगळवार, १५ एप्रिल. रात्री.
सान्तियागोहून बस उशिरा सुटली. समुद्रकाठच्या हॉटेलात पोचताच त्यांनी मनगटात निळा पट्टा अडकवला. शनिवारपर्यंत खाणं-पिणं सगळं या पट्ट्यावर. एका भोकाने सैल होता. नीट लावून घेतला.
जेवताना जाहीर केलं: शनिवारी निघण्यापूर्वी समुद्रात खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या त्या पिवळ्या बोयापर्यंत पोहत जाणार. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, बादलीच्या पुढच्या पाण्यात तुम्हाला कधी पाहिलं नाही हो." दुर्लक्ष केलं.
लग्नाआधी मी याके नदी पोहून नेरेइदाला भेटायला गेलो होतो. चिंब. त्यावरच तिने होकार दिला. (पाणी किती होतं, हा तपशील गौण.) म्हणजे आमच्या संसाराचा पाया सध्या त्या बोयाला बांधलेला आहे.
पोहणं मी पुस्तकातून शिकलो, फ्रिजदुरुस्तीसारखंच. पलंगावर पालथं पडून हातपाय मारण्याचा सराव पूर्ण. फक्त पाणी बाकी.

बुधवार, १६. सकाळ.
पोहायला ताकद लागते म्हणून आधी थोडी न्याहारी. कच्च्या केळ्यांचा लगदा, तळलेलं चीज, सलामी, अंडी. जेवल्यावर तीन तास पाण्यात उतरायचं नाही. आईचा नियम. विज्ञानाचाही.

दुपार.
तीन तास संपतच आले होते, तेवढ्यात कबाबाची टपरी उघडली. मनगटात पट्टा असताना उपाशी बसणं म्हणजे भरलेले पैसे समुद्रात फेकणं. पुन्हा तीन तास.

संध्याकाळ.
अननसाची एक फोड. हिला जेवण धरावं का? सुरक्षिततेसाठी धरलं.
वाऱ्याने सासूबाईंची टोपी उडाली ती थेट बोयापाशी. मी आणणारच होतो, पण अननस आडवा आला. थोड्या वेळाने बघतो तर टोपी त्यांच्या डोक्यावर. झगा गुडघ्यापर्यंत ओला. कोणीतरी आणून दिली असणार. जगात चांगली माणसं आहेत अजून.

गुरुवार, १७.
नेरेइदा म्हणाली, "पोहू नकोस रे, नुसता माझ्याबरोबर पाण्यात ये." म्हटलं, घाईने शास्त्र होत नाही. "तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या टपरीशी?" असं म्हणून एकटीच गेली. बायकांना पद्धतशीर काम कळत नाही.
आज राजम्याची गोड खीर. घरी गुड फ्रायडेच्या या आठवड्यात शेजारून एकेक वाटी येते. इथे हंडाच होता. लवंग जास्त, दालचिनी कमी. आचाऱ्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणतो, "हे तिसऱ्या वाटीला कळलं का, काका?" उद्धट.
उद्या कडकडीत उपास. उद्याच पोहणार.

शुक्रवार, १८. गुड फ्रायडे.
पोट रिकामं. चड्डी घातली. पाण्याच्या कडेला उभा राहून दीर्घ श्वास घेतला, तोच मागून सासूबाई किंचाळल्या, "जावईबापू! आजच्या दिवशी समुद्रात उतरलं की माणसाचा मासा होतो!"
मी असलं काही मानत नाही. पण वडीलधाऱ्यांचा मान राखावा. शिवाय आपल्याकडचं एकही माणूस पाण्यात नव्हतं. फक्त परदेशी. त्यांचं काय, मासे झाले तरी आपापल्या देशात जाऊन होतील.
उपास सोडला. दुपारी तळलेला मासा. चवीला उत्तम. कोण होता कुणास ठाऊक.

शनिवार, १९. सकाळ.
दुपारी खोली सोडायची. आज कॉफीसुद्धा नाही. नेरेइदा सामान भरते आहे. निघालो.

दुपार, बसमध्ये.
जे घडलं ते तपशीलवार.
डोळे घट्ट मिटून झेप घेतली. हात, पाय, श्वास, सगळं पुस्तकाबरहुकूम. लाटा भयंकर. गुडघ्यांना खालून काहीतरी सारखं खरवडत होतं. मोठा मासा असावा, डगमगलो नाही.
मग अगदी कानाशी नेरेइदाचा आवाज आला, "फुलेन्सियो, हिरव्या बॅगेची किल्ली तुझ्याकडे आहे का?"
डोळे उघडले. ती माझ्या शेजारून चालत होती. हातात संत्र्याच्या रसाचा पेला. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत. समोर बोया, आणि त्याला टेकून सासूबाई. म्हणाल्या, "या, जावईबापू. इथे वारा बरा आहे. बुधवारी टोपी घ्यायला आले, तेव्हाच म्हणणार होते."

बसमध्ये नेरेइदाला समजावलं की ओहोटी होती.
ती म्हणाली, "हो, याकेलाही होती. दुष्काळाचं साल ना ते. मी पुलावर उभी होते. चपला हातात घेऊन चालत आलास."
मग विचारलं, होकार का दिलास.
"माझ्या बाजूच्या काठाशी खाली बसलास आणि ओंजळीने अंगावर पाणी ओतून घेतलंस. डोक्यावरसुद्धा. माझ्यासाठी एवढी मेहनत कोणी घेतली होती?"
आता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आहे. झोपेतही हसते आहे, असं दिसतं.
दोन्ही गुडघे सोलवटले आहेत. जखमा भरेपर्यंत पाण्यात उतरता येणार नाही.