माझ्या बिल्ल्यावर कामाला गेलेल्या दाजींना

प्रिय दाजी,

उद्या सकाळी मला पुण्याला जायचं आहे. नुकसानभरपाईच्या कचेरीत शेवंताच्या अर्जाची तारीख आहे आणि साक्षीदार म्हणून माझं एकट्याचं नाव दिलंय. काय बोलायचं ते ठरवायला आजची आख्खी सुट्टी मी पवनेच्या काठी बसून घालवली. काही सुचेना. शेवटी वही घेतली. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले, तरी पेच पडला की माझे पाय तुमच्याच घराकडे वळतात. दारात माझी बहीण शेवंता मोकळ्या कपाळानं बसलेली दिसते, मग आठवतं.

दाजी, कंपनीच्या कागदावर तुम्ही मेलेलेच नाही! त्या दिवशी फाटकावर तुम्ही माझा पितळी बिल्ला दाखवलात, दोनशे सात नंबरचा. हजेरीत माझं नाव लागलं, गणपत. साखळी तुटून यंत्राचं धूड खाली आलं, तेव्हा त्याखाली सापडला तो गणपत. दवाखान्याच्या चिठ्ठीवरही गणपत. बातमी ऐकून मी धावत फाटकावर गेलो, तर हजेरीचा कारकून भूत बघितल्यासारखा मागे सरकला.

मग त्यांनी कागद बदलला. नवीन कागदावर लिहिलं, 'अनोळखी इसम परवानगीशिवाय आत शिरला.' अनोळखी? महिन्यातले चार-पाच दिवस तुम्ही त्या शेडमध्ये राबत होतात. मुकादम तुमच्याकडून तंबाखू मागून खायचा. खाडा पडून नाव कटू नये म्हणून कोणी भावाला पाठवतो, कोणी साडूला. फाटकावर नंबर बघतात, तोंड कोण बघतंय? आपण सगळे हेच करत आलो, आणि त्यात काही वावगं आहे असं कोणाच्याच मनात आलं नाही.

यंत्रं बसवायला आलेला तो विलायती साहेब तेवढा तुमच्याजवळ बसून रडला. पण तोही 'गॅनपट, गॅनपट' म्हणूनच रडत होता. त्याला तरी तुमचं खरं नाव कुठे माहीत होतं! पुढच्याच महिन्यात तो बोटीनं मायदेशी गेला.

त्या साहेबानं तुम्हाला वेड लावलं होतं. लढाईत मिलिटरीच्या वर्कशॉपात तुम्ही मोडकंतोडकं इंग्रजी शिकलात, म्हणून तो तुम्हालाच हाताखाली घ्यायचा. संध्याकाळी तुम्ही माझ्या ओट्यावर यायचात आणि चहा हातात यायच्या आत सुरू व्हायचात.

"ऐका गणपतराव, तिकडं परत्येक कामगाराचं एक कार्ड असतंय. आठवड्याला त्याच्यावर एक तिकीट डकवायचं. थोडं पैसं ह्याचं, थोडं मालकाचं. मानूस आजारी पडला, काम सुटलं, तरी घरी पैसं येत्यात. मेला तर बायकूला येत्यात. डाक्टर तर फुकाटच हाय."

"आणि पगारातून टॅक्स किती कापतात, ते नाही सांगितलं तुमच्या साहेबानं?"

"सांगितलं की! लई शिव्या घालतोय त्यो टॅक्साला."

मी हसून लोळायचा बाकी राहिलो होतो. म्हटलं, बघा, ज्याला मिळतंय तोच रडतोय! आपल्याला आहे का काही टॅक्सची भानगड? सरकार आपल्या वाटेला जात नाही, आपण त्याच्या वाटेला जात नाही. तुम्ही विडी पेटवलीत आणि जळती काडी माझ्या नाकासमोर धरलीत.

"ह्या काडीवर टॅक्स हाय. तंबाकूवर हाय, च्यातल्या साखरंवर हाय. द्यायचं तर आपुन बी देतोयच. फकस्त घेताना आपलं नाव कुनी इचारत न्हाई."

तेव्हा मी विषय बदलला. आज ती काडी डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि ते नोकरी लावायचं ऑफिस! मिलिटरीतून सुटून आल्यावर तुम्ही पुण्याला जाऊन नाव नोंदवलंत. मग कार्डावर शिक्का मारून घ्यायला पिंपळे गुरवहून खडकीपर्यंत पायी, पुढे मिळेल त्या गाडीनं, किती खेपा घातल्यात? खिडकीतला माणूस शिक्का मारायचा आणि म्हणायचा, पुढच्या वेळी या. साहेबानं सांगितलं की त्यांच्याकडे अशाच खिडकीतून, काम मिळेपर्यंत, दर आठवड्याला पैसे देतात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. शेवंता मला म्हणाली, "दादा, ह्यांना त्या सायबाजवळ नका बसू दिऊ."

मला तुमचा राग यायचा, दाजी. खरंच यायचा. म्हणून मुद्दाम म्हणायचो, तो साहेबच सांगतो ना की त्याची म्हातारी एका खोलीत कुडकुडत राहते, लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी नुकतंच कुठे रेशन उठलं? मग कसला तुमचा स्वर्ग? तुम्ही शांतपणे म्हणायचात, "सरग न्हाई वो. वहीत नाव हाय, येवढंच." माझ्या पगारातून म्हातारपणाच्या फंडासाठी रुपयाला आणा कापायला लागले, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. आणि तुम्ही? मला माझा आणा जड झाला होता आणि तुम्हाला त्या आण्याचा हेवा वाटत होता.

आता उद्याचं ऐका. मुकादम परवा घरी येऊन गेला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, म्हणाला, "गणपतराव, गेलेला माणूस काय परत येतोय? तुमी म्हना, बिल्ला हरवला हुता. महिन्याभरात तुमाला कायम करतो. न्हाईतर बिल्ला दुसऱ्याला दिला म्हनून उद्याच्या उद्या बाहेर काढत्याल." मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. मी त्याला चहा दिला!

आज पहाटे हे सगळं शेवंताला सांगितलं. वाटलं, ती चिडेल, म्हणेल की खरं बोला. युनियनच्या माणसानं अर्ज वाचून दाखवला, तेव्हा किती ठामपणे अंगठा उठवला होता तिनं! पण ती जात्यावरून उठलीही नाही.

"दादा, भरपाई मिळंल का न्हाई कुनास ठावं. तुमची नोकरी गेली तर तुमची पोरं आन माझी मंगल खायाची काय? ऱ्हाऊ द्या. बिल्ला हरवला म्हना."

दाजी, मला तिथे रडू कोसळलं. विलायतेतल्या विधवेला कार्ड आहे, तिकिटं आहेत. तिच्या भावानं खरं सांगितलं म्हणून तिची चूल विझत नाही. इथे माझ्या बहिणीचं कार्ड मी, तिची पेन्शन मी, तिचा विमा मी. मी खोटं बोललो तरच ती जेवणार! हे कसलं जिणं आहे? आपलंही राज्य आलं ना आता? मग आपल्याकडे हे व्हायला अजून किती माणसं साखळीखाली जायची आहेत? तुम्ही म्हणायचात, आपल्याकडंबी येईल, धीर धरा. कधी? मंगलच्या लग्नाच्या आधी येईल का?

आणि अजून एक. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी मला ताप नव्हता. मी चादर डोक्यावर घेऊन कण्हलो आणि तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात, म्हणालात, "पडून ऱ्हावा, म्या जातो." घामानं कपाळ गरम लागलं असेल. तुम्ही वळणावर दिसेनासे झालात, तसा मी उठलो आणि चाकणच्या बाजूला जत्रेत कुस्त्या बघायला गेलो. फडाच्या कडेला बसून मी भजी खात होतो, तेव्हा तुम्ही त्या धुडाखाली होतात. का नाही ओळखलंत, दाजी? मिलिटरीतला माणूस ना तुम्ही? एकदा तरी म्हणायचं होतंत, गणपतराव, नाटकं करू नका, उठा!

शेवंता अजून सगळ्यांना सांगते, दादा तापानं फणफणला होता म्हणून हे गेले.

मी ठरवलंय. नोकरी गेली तर खडी फोडीन, चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलीन. दोन्ही घरं अर्धपोटी राहतील, राहू देत. उद्या कचेरीतल्या साहेबानं विचारलं की त्या दिवशी यंत्राखाली कोण सापडलं, तर मी सांगीन, महादेव सखाराम शिंदे, राहणार पिंपळे गुरव, माझ्या बहिणीचे यजमान, आणि मुकादमाला ते माहीत होतं. लिहून घ्या म्हणीन. तुमचं नाव लिहीपर्यंत त्या टेबलासमोरून हलणार नाही, हा माझा शब्द.

साहेब पुढे विचारेल, तू कुठे होतास? तेही खरं सांगीन. पण शेवंताला ते परक्या कचेरीत ऐकावं लागू नये, म्हणून उद्या पुण्याच्या वाटेवर मी स्वतःच तिला सांगणार आहे. त्यानंतर ती मला दादा म्हणेल का, ते मला माहीत नाही.

तुमचा अपराधी मेहुणा,
गणपत