फळीला बांधलेला हात

ता. ९, रविवार

आईस,
नमस्कार. लिहायचा असतो म्हणून लिहिला.

तू म्हणे सगळ्यांना सांगत सुटलीयस, पोरगं कमवायला लागलं नि आईला विसरलं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. तुझा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. तेव्हा माझ्या नावानं गळे काढू नकोस. मी मजेत आहे. खोलीत आम्ही सहा जण नि पंखा एक. कपाटांच्या कारखान्यात ड्रिल मशीन चालवतो. कामावर घ्यायच्या आधी सुपरवायझरनं दोन्ही मुठी उघडझाप करून दाखवायला लावल्या. डाव्या हाताची भाजलेली कातडी बघून म्हणाला, "हा चालतो का रे?" दाखवला चालवून.

ते जाऊ दे. ताईकडची बातमी ताई तुला कळवणार नाही. तू काय करशील ते तिला माहीत आहे. म्हणून मी कळवतो. तिच्या छोटीनं स्टोव्हवरचं उकळतं पाणी अंगावर ओढून घेतलं. उजवा हात गेला होता. सरकारी दवाखान्यात मांडीची कातडी काढून हाताला लावली, ती धरली. आता बोटं सरळ राहायला प्लास्टरची पट्टी दिलीय. रात्रंदिवस बांधायची, रोज बोटं ताणायची. नर्सनं बजावलंय, रडली तरी सोडायची नाही.

ताई सोडते.

परवा फोनवर म्हणाली, "अरे, इतकी केविलवाणी बघते रे ती. झोपेपुरती सोडते."

म्हटलं, "आणि बोटं?"

म्हणाली, "जरा आत वळलीत."

जरा कसली! खोदून विचारलं तेव्हा कळलं, करंगळी तळव्याला टेकलीय. चिकटली की पुन्हा कापायचं, पुन्हा मांडी सोलायची. दाजी तर पट्टी बांधायला घेतली की चपला घालून बाहेर पडतात. सगळे प्रेमळ. या प्रेमापायी पोरगी थोटी होणार.

तिथं तुझ्यासारखं माणूस पाहिजे.

माझ्या छातीवर गुडघा ठेवून तू एकेक बोट उलगडायचीस, मग हात फळीला आवळायचीस. मी तुझ्या मनगटाला चावलो, रक्त आलं, तरी बोट सोडलं नाहीस. शेजारीण दारातून ओरडली, "बाई, सावत्र आहेस का गं?" तू म्हणालीस, "हो, सावत्रच. दार ओढून घे." ते मी खरं धरलं होतं. खरी आई न्यायला येईल म्हणून कितीतरी दिवस पायरीवर बसायचो.

तर ताईकडे जा. ती आडवी येईल, तिला बाहेर काढ नि आतून कडी लाव. पोरगी जीव जाईस्तोवर ओरडेल. मऊ पडू नकोस. तुला ते जमतही नाही म्हणा. मोठी झाली की ती तुझं तोंड बघणार नाही. तुला सवय आहे.

हात सरळ झाल्याशिवाय तिथून हलायचं नाही. म्हणून फक्त जाण्याचं भाडं पाठवतोय, साडेचारशे.