चर्चच्या दारात अडलेली खुर्ची

आई, आपल्या चर्चला आता रॅम्प झाला. पायऱ्यांच्या बाजूनं, सिमेंटचा, लोखंडी कठड्याचा. तू असतीस तर आधी त्यावर वड्या वाळत घालता येतील का ते पाहिलं असतंस. पण रॅम्पचं कौतुक करायला मी बसलेली नाही. मी जिंकले, आई. आणि हे जिला सांगावं अशी तू एकटीच, म्हणून लिहिते आहे.

शनिवारी तू राइस मिलमधून अंगभर कोंडा घेऊन यायचीस. रविवारी सकाळी डोक्यावरून पाणी घ्यायचीस, ठेवणीतलं पातळ नेसायचीस आणि मला पाठीवर टाकायचीस. पोलिओनं गेलेले माझे पाय तुझ्या कमरेशी लोंबत. वाटेत बायका म्हणत, पोरगी केवढी झाली, अजून किती वर्षं उचलशील? तू म्हणायचीस, मिलमध्ये पोतं उचलते ते जड होत नाही, आणि पोटची पोरगी जड होईल? खोटं बोलायचीस. पायऱ्या चढताना तुझा श्वास कसा लागतो ते माझ्या छातीला कळायचं. मग अपंगांच्या शिबिरात मला चाकाची खुर्ची मिळाली. पहिल्याच रविवारी आपण ती मिरवत नेली, दोघांनी ती पायऱ्यांवर चढवून दिली, आणि दारात कमिटीचे मोठे काका उभे. माणूस वाईट नव्हता. नाताळात माझ्यासाठी आठवणीनं कापड आणायचा. पण त्यानं हात आडवा केला. म्हणाला, आपण चपला बाहेर काढतो ना, मग रस्त्यातली चाकं देवाच्या घरात कशी येतील? खुर्ची चपलांच्या ढिगाजवळ राहिली आणि तू मला उचलून आत अंथरलेल्या दरीवर बसवलंस. एक शब्द बोलली नाहीस. तुझं ते गप्प राहणं मला फार झोंबलं. घरी जाताना मी रडायला लागले तर उलट मलाच झापलंस. "कायले रडून राहिली? बोलाले शिक. मले नाई जमलं, तू शिक."

शिकले कुठे लगेच! तू गेल्यावर चार माणसं मला उचलायची. "धर रे, उचल रे", अगदी धानाचं पोतं ट्रकमध्ये टाकावं तसं. कुणाचा हात काखेत, कुणाचा कुठे. एकदा साडी गुडघ्याच्या वर गेली आणि सगळ्या मंडळीनं माना वळवल्या. त्या दिवसानंतर मी गेलेच नाही. विचारलं कुणी तर सांगायची, घरीच प्रार्थना करते. करत नव्हते. शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली आणि रविवारी सकाळी ब्लाउज शिवत बसायची. गाणी रस्त्यापर्यंत ऐकू यायची, मग मी मशीन जोरात चालवायची. मला घरात बसून देव नको होता गं. मला सगळ्यांसारखं, माझं मी, दारातून आत जायचं होतं.

यंदा चर्चला नवे पाळक आले. घरी भेटायला आले तेव्हा मी तोंडावर सांगितलं, पायऱ्या आहेत म्हणून येत नाही. त्यांनी कमिटीच्या मागे लागून रॅम्प बांधून घेतला. पहिल्या रविवारी मी पोपटी साडी नेसले आणि कुणाला खुर्चीला हात लावू न देता रॅम्प चढले. दंड भरून आले, पण चढले. आणि दारात कोण? तेच काका. आता म्हातारे झालेत, काठीशिवाय पाऊल उचलत नाहीत. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमानं म्हणाले, "ये बाई, ये. खुर्ची तेवढी चपलांजवळ ठेव, पोरं तुले उचलून घेतीन."

काय म्हणावं बापा या लोकांना! खुर्चीसाठी रॅम्प बांधला आणि रॅम्पच्या टोकाशी खुर्चीच बाहेर. मी ब्रेक लावला आणि उंबऱ्यातच थांबले. मागे लोक खोळंबले, आत गाणं सुरू झालं. परत फिरावं असंही वाटलं. पण फिरले असते तर पुन्हा कधीच आले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी हळूच विचारलं, "काका, तुमची काठी कुठं ठेवता?"

"हातात. कुठं ठेवीन?"

"ते बी रस्त्यावरूनच येते ना? चपलांजवळ काऊन नाई ठेवत?"

"हिच्याबिगर मी चालू कसा?"

"आन् मी?"

काकांनी काठीकडे पाहिलं. मला वाटलं, आता भडकतील. पण त्यांनी सुनेला हाक मारली आणि बादलीभर पाणी आणायला सांगितलं. पाणी आलं तसं आधी स्वतःची काठी पुढे केली. म्हणाले, "पहिले हे धू." मग माझ्याकडून ब्लाउज शिवून घेणाऱ्या दोघी-तिघी खाली बसल्या, चाकं धुतली, जुन्या पोत्यानं कोरडी केली. मधली दरी गुंडाळून वाट केली, आणि मी आत गेले. माझ्या हातांनी, आई. कुणी उचललं नाही. पाळकांनी बायबलचा स्टँड चौथऱ्यावरून खाली आणून माझ्यासमोर ठेवला आणि वाचायला सांगितलं. पहिली ओळ हळूच वाचली. नंतर आवाज असा लागला म्हणतेस, की बाहेर ऑटोवाले थांबून पाहायला लागले.

आता ती बादली दर रविवारी दारात असते, आणि राखण काकांचीच. गुडघ्यांमुळे इतके दिवस घरी बसलेल्या दोन म्हाताऱ्या आता येऊन आत खुर्च्यांवर बसतात, तिरोडा गावाकडून एक भाऊ कुबड्यांवर येतो. काका त्याच्या कुबड्या पुसतात आणि वर गप्पा मारतात. चर्चच्या बाथरूमचं दार अरुंद आहे, ते रुंद करा म्हणून मी कमिटीच्या मागे लागले आहे. लोक म्हणतात, हिचं तोंड कोण बंद करील. म्हणू देत, मला ऐकायला बरं वाटतं.

हे पत्र टाकायचं कुठे, ते काही मला ठाऊक नाही. मशीनच्या खणात राहील. पण एक सांगून टाकते, रागावू नकोस. तू गेल्यापासून त्या दरीवर बसले की मला फक्त तुझी पाठ आठवायची, दुसरं काही सुचायचं नाही. त्या रविवारी मात्र माझ्या खुर्चीत बसून अख्ख्या उपासनेत मला तुझी एकदाही आठवण आली नाही. घरी येऊन भात टाकला, तेव्हा आली.