गोणीचा काटा आणि शिवाचे वजन

मी, हरिश्चंद्र धर्माजी घरत, वय वर्षे ६८, धंदा किराणा व धान्य, राहणार मौजे राई, भाईंदर पश्चिम, माझ्या माघारी काय व्हावे ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. टाइप करून घेतले नाही, कारण टायपिस्टच्या पोटात काही राहत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे असा दाखला शांती नगरच्या डॉ. मृणालिनी सामंत यांनी दिला आहे. देताना त्या दोनदा हसल्या, ते का, मला कळलेले नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते कपाटातून काढून कोणीतरी वाचलेले आहे, घडी बदललेली होती.

१. राहते घर पत्नी सरूबाई हिचे. ती हयात असेपर्यंत "आई, तू वरच्या खोलीत जा" असे कोणी म्हणू नये. कोण म्हणेल ते मला ठाऊक आहे.

२. दुकान मुलगा रोहित याचे. रोहित जागांची दलाली करतो आणि फोन आला की अंगणात जाऊन बोलतो. माझ्या वर्षश्राद्धाआधी त्याने दुकान बिल्डरला देऊ नये. तेवढी तरी कळ काढावी.

३. बँकेतली ठेव सरूबाईची. पासबुक कुठे आहे ते तिला कानात सांगितले आहे.

४. सागरदीप क्रीडा मंडळ, राई, याचा मी अध्यक्ष. जिल्हा कबड्डीत आमचा संघ बावीस वर्षे द्वितीय श्रेणीत कुजला. वर जायचे तर अंतिम सामना जिंकावा लागतो. २००६-०७ च्या मोसमात आम्ही ओळीने सहा सामने जिंकलो, ते एकट्या शिवाच्या चढायांवर. शिवा हा गोदूबाईचा मुलगा. बाप खाडीत बुडून गेला, आईने मासळी विकून वाढवला. प्रथम श्रेणीचे सामने पाहायला कंपन्यांचे लोक येतात आणि खेळाडूंना नोकरी देतात. शिवाला एका कंपनीने सांगूनच ठेवले होते, वर या, मग बघू. अंतिम सामना २१ जानेवारी २००७ ला आमच्याच मैदानात होता. सामन्याआधी खेळाडूंचे वजन होते, ऐंशी किलोच्या वर असेल त्याला खेळता येत नाही. शिवा एक्क्याऐंशी भरला. तो बाहेर बसला, आम्ही चार गुणांनी हरलो. उपविजेतेपदाची ढाल माझ्याकडे आहे, ती मंडळाला परत द्यावी. मी तिच्याकडे कधी धड पाहिले नाही.

५. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना सगळे गाव दाजी म्हणते, ते संघाचे व्यवस्थापक होते. आदल्या दिवशी ते शिवाला एका हळदीला घेऊन गेले. मंडळाच्या सभेत मी सर्वांसमोर म्हणालो, "दाजी, तुम्ही मटण चारून पोराला विकलात." दाजी म्हणाले, "हरी, पोरानं ताकाशिवाय कायच घेतलं न्हाय. तुझ्या बहिनीची शपत." मी म्हणालो, शपथा घ्यायला काय जाते. दाजींनी त्याच दिवशी मंडळ सोडले. बहीण दोन भाऊबिजा आली नाही. दाजींना मी काही ठेवत नाही. साक्षीदाराला काही मिळता कामा नये असे वकील म्हणाले, आणि साक्षीदार मला दाजीच हवे आहेत. ते सही करतील असे वाटत नाही.

६. डॉ. सामंत यांच्या दवाखान्यात शिवाने सामन्याच्या आदल्या सकाळी वजन केले होते, ते साडेएकोणऐंशी भरले. मी गावभर सांगितले की बाईंचा काटा बिघडलेला आहे, नाहीतर बाई समोरच्या संघाला मिळालेल्या आहेत. समोरच्या संघाचा एक पोरगा वजन देताना "मेरा भी कल से ज्यादा दिखा रहा है" असे कुरकुरला होता. तो नाटक करतोय असेही मीच म्हणालो. गोदूबाईलाही सोडले नाही, घरी चोरून भात वाढला असेल म्हटले. ती दुकानात येऊन रडली. "आठ दिस नाचनीची भाकर दिली वो पोराला. भाताचा कन न्हाय दिला." सरूबाईने आतून ऐकले आणि मला म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं." तेव्हापासून मला तिचाही संशय आहे, की तिला माहीत आहे.

७. काय माहीत आहे, ते आता लिहितो. जिल्हा कबड्डी संघटनेचा काटा त्या दिवशी आला नाही. पंच अडून बसले. मी अध्यक्ष, छाती पुढे काढून म्हणालो, माझ्या दुकानातला आणा, सरकारी शिक्क्याचा आहे. आगोटीला, पावसाआधी भरून ठेवायच्या गावाच्या तांदळाच्या गोण्या त्याच काट्यावर मोजल्या जातात. चौघांनी उचलून आणला. त्याच्या फळीखाली मी अकरा वर्षांपूर्वी तारेने दीड किलो शिसे बांधले होते, मासे धरायच्या जुन्या जाळ्याचे. प्रत्येक गोणीमागे दीड किलो तांदूळ माझा. काटा मैदानात नेला तेव्हा मला त्याची आठवण नव्हती, हे मी देवाला साक्षी ठेवून लिहितो, मग कोणी मानो न मानो. शिवा फळीवर चढला, दांडी एक्क्याऐंशीवर थांबली, आणि मला आठवले. शिवाने माझ्याकडे पाहिले. "काका, काटा बरोबर हाय ना?" आजूबाजूला अख्खे गाव उभे होते, सगळी माझी गिऱ्हाइके. मी म्हणालो, "सरकारी शिक्का आहे." तो खाली उतरला. त्याने दुसऱ्यांदा विचारले नाही.

ज्या घराला मी अकरा वर्षे भात कमी मोजला, त्याच घरच्या पोराला मी जास्त मोजले. आणि बापाने नाव ठेवले हरिश्चंद्र! शिवा आता शांती नगरात पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो चालवतो. पोरे त्याला "ए एक्क्याऐंशी" म्हणून हाक मारतात आणि तो हसतो. ते हसणे मला सहन होत नाही.

८. काटा शिवाला द्यावा. माझ्या तेराव्याला तो शिशासकट मैदानात मांडावा, वीस किलोची चार वजने त्यावर ठेवावीत, आणि दांडी कुठे थांबते ते गावाने पाहावे. मग कलम सात मोठ्याने वाचावे.

९. कलम आठ मी रद्द करतो. चार दिवस विचार केला. रोहित हे पान फाडेल, दुकानाचे नाव जाईल म्हणून. सरूबाई रडेल आणि फाडू देईल. वकील कोणाचाच नसतो. माझा एकाही माणसावर विश्वास नाही, म्हणून हे काम मला जिवंतपणीच उरकावे लागेल. रविवारी काटा मी स्वतः बाहेर काढणार.

१०. आज रविवार. काटा मैदानात मांडला. दाजी, डॉक्टरबाई, गोदूबाई आणि निम्मे गाव होते. ऐंशी किलोची वजने ठेवली, दांडी साडेएक्क्याऐंशीवर थांबली. काटा आडवा करून शिसे दाखवले. जे बोलायचे ते बोललो. कोणी मला मारले नाही. मारतील असे वाटले होते.

शिवाने तार सोडली, शिसे काढून बाजूला ठेवले, काटा सरळ केला आणि म्हणाला, "आता घ्या माजा वजन." मी दांडीवरचे वजन सरकवत राहिलो. शहाऐंशी. पावणेतीन वर्षांत खेळ सुटला, अंगही सुटले. काटा अगदी बरोबर होता. शिवा फळीवरच उभा राहिला. मग गोदूबाई त्याला म्हणाली, "उतर बाला, घरी चल. भात निवतोय."

काटा शिवाने नेला नाही. तो मंडळाला द्यावा.

दाजींपुढे मी हा कागद ठेवला. मजकूर झाकणार होतो, झाकला नाही. त्यांनी सगळा वाचला, चष्मा पुसला आणि एवढेच विचारले, "सही कुटं करू?"

लिहून देणार: हरिश्चंद्र धर्माजी घरत (सही)

त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत आणि शुद्धीवर असताना सही केली, म्हणून आम्हीही केली:
१. धाकू शिनवार केणी, ऊर्फ दाजी (सही)
२. डॉ. मृणालिनी नीरज सामंत (सही)

मुक्काम राई, भाईंदर पश्चिम
दिनांक ११ ऑक्टोबर २००९