रिकाम्या हातानं आलेला माणूस

बाबा, मी हरले. सरपंचपदाची निवडणूक होऊन आता चार महिने झाले, तूर शेतातून घरात आली, गाव आपल्या कामाला लागलं, आणि मला मात्र अजून कोणाला तरी हे पहिल्यापासून सांगायचं राहिलं आहे. घरातल्यांना सगळं ठाऊक आहे, म्हणून त्यांना सांगता येत नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी उभी राहिले होते हेही तुम्हाला माहीत नाही.

मला उभं केलं ते खरं तर माझ्या आवाजानं, आणि आवाज तुमचा. शेलूबाजारात रस्त्यावरच आपलं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. भिंतीला टांगलेले ते मोठाले कर्णे, खाली अॅम्प्लिफायर, आणि तुम्ही स्टुलावर बसून जळालेल्या कॉइलवर तांब्याची तार गुंडाळताय. लग्न असो, जत्रा असो, जीपवर दोन कर्णे बांधून तुम्ही निघायचे. निवडणुकीत सगळ्या पक्षांकडे जायचे. सकाळी एकाचा प्रचार, दुपारी दुसऱ्याचा, आणि कोणी टोमणा मारला की म्हणायचे, "मी आवाज देतो, मत नाई देत." मी सहावीत होते तेव्हा पोलिओच्या डोसची दवंडी तुम्ही मला द्यायला लावली. जीपमध्ये तुमच्या शेजारी बसून मी म्हणत होते, रविवारी सकाळी आपल्या लेकराले डोस पाजून घ्या, आणि बायका दारात येऊन पाहात होत्या. त्या दिवशी तुम्ही मला काय देऊन टाकलं ते मला फार उशिरा कळलं.

त्याच्या पुढच्या वर्षीची ती सभा मला जास्त आठवते. बाहेरगावचा एक पुढारी आला होता. बोलता बोलता त्यानं समोरच्या उमेदवाराच्या मेलेल्या आईबद्दल काहीतरी घाण बोलायला सुरुवात केली. तुम्ही स्टेजच्या मागे बसला होता. तुम्ही वाकले आणि वायर काढून टाकली. पुढारी हातवारे करत राहिला, तोंड हलत होतं, आवाज नव्हता. पुढच्या ओळीतले लोक हसले. सभा संपल्यावर त्याची माणसं आली, एक कर्णा दगडानं चेपला, आणि तुमच्या तोंडावर मारलं. घरी आल्यावर तुम्ही मोरीवर वाकून चुळा भरत होता आणि पाणी लाल होत होतं. आई चुलीपुढं बसून रडत होती, तव्यावरची भाकर जळत होती. मी विचारलं, "बाबा, काहून बंद केलं?" तुम्ही टॉवेलानं तोंड टिपलं. म्हणाले, "मशीन माही हाय. तिच्यातून काय जाते, थे मलेच पाहा लागते."

आणि दुसऱ्याच दिवशी मी काय केलं? दुकानात दोन मैत्रिणी जमवून, बंद माइक हातात धरून त्या पुढाऱ्याची नक्कल केली. तेच हातवारे, तेच शब्द. मैत्रिणी पोट धरून हसत होत्या. तुम्ही मागून आले ते मला दिसलंच नाही. मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण तुम्ही अॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. कर्ण्यात घूं असा आवाज झाला. बाहेर बाजार भरलेला होता. तुम्ही म्हणाले, "आता बोल. चालू हाय." मी माइक धरून उभी. "बोल ना. आत्ता तर बोलून राह्यली होती." मी रडायला लागले तेव्हा तुम्ही बटण बंद केलं आणि पुन्हा तार गुंडाळायला बसले.

त्या दिवशी चालू माइकवर मला जे बोलता आलं नाही, ते मी चाळिशीला आल्यावर बोलले.

माझ्या विरोधात उभे होते माझ्या सासरच्या गावचे माजी सरपंच. साठीच्या पुढचे, उंच, खांद्यावर कायम पांढरा दुपट्टा. मी त्यांना मामाजी म्हणते, ते मला सूनबाई. माझ्या लग्नात त्यांनी पंगतीला वाढलं होतं. पण प्रचार सुरू झाला आणि आठ दिवसांत गाव दोन झालं. मोबाइलवर रोज कोणाची तरी अब्रू निघायची. मी आधी अंगणवाडीत काम करायची, तर मला उद्देशून "अंगणवाडीत पोरं हगवणारी बाई" असं कोणीतरी लिहिलं आणि त्याखाली पन्नास जणांनी हसरी तोंडं टाकली. मामाजींनी ते लिहिलं नव्हतं, पण त्यांनी कोणाला थांबवलंही नाही. मग मारुतीच्या पारावर माझी सभा झाली. मी पाण्याबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले, लोक ऐकत होते पण पेंगत होते. तेव्हा मी म्हणाले, "ज्याले पोटची पोरगी नांदवता आली नाई, थो गाव काय नांदवीन?"

मामाजींची मुलगी तीन वर्षांपूर्वी सासर सोडून परत आली आहे. घरातच शिवणाचा क्लास चालवते. माझे दोन ब्लाउज तिनं शिवलेले आहेत.

लोक हसले, बाबा. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. जागे झाले सगळे. मी घरी पोचायच्या आत ते वाक्य गावभर मोबाइलवर फिरत होतं, आणि माझा दीर अंगणात खुर्चीवर बसून पुन्हा पुन्हा ते लावत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ. मी अंगणात सूप घेऊन हरभरा पाखडत बसले होते. गावात सकाळपासून बातमी होती की त्यांचे लोक आमच्या घरावर येणार आहेत. मामाजी एकटेच आले. फाटकापाशी त्यांनी चपला काढल्या. पाहुणा काढतो तशा, नीट जोडीनं. मी उठून उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला. ते म्हणाले, "सूनबाई, मले काय बोलाचं थे बोल. मी राजकारणात हाव, मले ऐका लागते. पण पोरीनं तुयं काय केलं? काल संध्याकाळपासून पोटात अन्न नाई तिच्या. तेवढं मागं घे." एवढंच. आवाज चढलेला नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात गोठ्याकडून दीर धावत आला. हातात फावड्याचा दांडा. एकच घाव घातला. मामाजी पडले नाहीत, कोणी बस म्हटल्यासारखे हळूच खाली बसले. दुपट्टा डोक्याला लावला आणि तो लाल होत गेला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. माझे मालक शेजारची जीप घेऊन आले. मी मागच्या सीटवर, मामाजींचं डोकं माझ्या मांडीवर. वाशिमपर्यंतचा रस्ता इतका लांब कधी झाला नव्हता. मी त्यांना बोलतं ठेवत होते, कारण झोपू देऊ नका असं कोणीतरी म्हणालं होतं. "मामाजी, माह्याकडं पाहा. तूर कशी हाय औंदा?" ते डोळे मिटूनच म्हणाले, "बरी हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "माह्या चपला राह्यल्या." मी म्हटलं, "मी ठेवतो नीट, तुमी काळजी नका करू."

दवाखान्यात त्यांना आत नेलं. मी बाहेर बाकड्यावर बसले, लुगड्यावर त्यांचं रक्त वाळलेलं. दोन तास. या दोन तासांत मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही. मग डॉक्टर बाहेर आल्या, तरुण पोरगी होती, म्हणाल्या, "डोक्याच्या आत रक्तस्राव नाही. अकरा टाके पडलेत. दोन दिवस ठेवू, मग घरी न्या." मी मागच्या नळापाशी जाऊन बसले आणि मला हसू यायला लागलं. रडत होते आणि हसत होते. त्याआधी कुठल्या गोष्टीनं मी इतकी हलकी झाले होते ते मला आठवत नाही.

तोवर त्यांची मुलगी पोचली होती. मी उठून उभी राहिले. पाया पडायला वाकणार होते, वयानं लहान असली तरी. तिनं हात धरला आणि म्हणाली, "काकू, आता नको. गावात आमचे लोक जमून राह्यले. काठ्या घेऊन." मग तिथेच, माझ्यासमोर तिनं चुलतभावाला फोन लावला. "बाबा शुद्धीवर हायेत. काकू इथंच बसून हाय माह्याजवळ. त्यायच्या घरावर कोणी गेलं तर मी बाबाले घेऊन सरळ मामाकडं जाईन, तुमी राहा मंग गाव जाळत." पलीकडून बराच आरडाओरडा येत होता. तिनं सगळा ऐकून घेतला आणि पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. चार वेळा सांगितलं. शेवटी तिकडचा आवाज खाली आला. माझं घर त्या दिवशी वाचलं ते या पोरीमुळे. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "पोलिसाले काय सांगसान तुमी?"

घरून मला निरोप आलाच होता. सांग, तो काठी घेऊन आला होता. सांग, आधी त्यानं हात उचलला. दिराला दोन लेकरं आहेत, जाऊ रडून रडून फोन करत होती. जमादार वही घेऊन माझ्यासमोर बसले. मी सांगितलं, ते एकटे आले होते, रिकाम्या हातानं आले होते, चपला फाटकाबाहेर काढल्या होत्या. मारलं माझ्या दिरानं. जमादारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "ताई, घरचाच माणूस हाय तुमचा. नीट विचार करून सांगा." मी म्हटलं, "केला."

दीर काही दिवस आत होता, मग जामिनावर सुटला. खटला चालू आहे. जावेनं चूल वेगळी केली, दीड महिना माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी दीर ओसरीवर येऊन बसला, पाणी मागितलं, आणि जमिनीकडे पाहात म्हणाला, "वहिनी, मले खरंच वाटलं होतं का त्याच्या हातात काही हाय." मी म्हटलं, "मले माहीत हाय." त्या संध्याकाळी जावेनं वाटीभर पिठलं पाठवलं.

मतदानाच्या आधी मी पुन्हा त्याच पारावर उभी राहिले. आमच्याच लोकांनी अडवलं, म्हणाले मतं जातील, निवडून आल्यावर माग माफी. मी माइक घेतला. म्हटलं, "बोलणारं तोंड माहं, मारणारा हात दिराचा. दोन्ही एकाच घरचे. थ्या पोरीबद्दल जे बोललो थे खोटं होतं आन् वाईट होतं. रागाच्या भरात तोंडातून निंघून गेलं. मी माफी मागतो." कोणी टाळी वाजवली नाही. मी काय काय बोलत राहिले असते कोण जाणे, पण पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बस कर माय, समजलं." मग मी बसले.

मतं गेलीच. मामाजी निवडून आले. निकालाच्या दिवशी गुलाल उधळत मिरवणूक निघाली तेव्हा आम्ही दार लावून बसलो होतो. दफड्यांचा आवाज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला, आणि मग मिरवणूक दुसऱ्या रस्त्यानं वळली. डोक्याला पट्टी बांधलेले मामाजी पुढं उभे राहून सगळ्यांना वळवत होते, असं नंतर कळलं.

गेल्या महिन्यात ग्रामसभा झाली. पाण्याची टाकी वरच्या वस्तीत हवी असं माझं म्हणणं, त्यांचं म्हणणं शाळेमागं. चांगला अर्धा तास बाचाबाची झाली. मागून एकानं मला उद्देशून काही वेडंवाकडं म्हटलं, तर मामाजींनी त्याला खाली बसवलं. मला म्हणाले, "तुमचं होऊ द्या सूनबाई, मंग मी बोलतो." ते मला आता अहो-जाहो करतात. मला ते थोडं टोचतं आणि बरंही वाटतं. टाकीचं अजून ठरलेलं नाही. पण बाबा, घरी येताना मी एकटी, उघड्या रस्त्यानं, सावकाश चालत आले. मागे कोणी येतंय का हे एकदाही वळून पाहावंसं वाटलं नाही. निवडणूक जिंकून मला हे मिळालं असतं असं वाटत नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. कपाटात साड्यांच्या खाली ठेवीन आणि कधीतरी फाडून टाकीन. म्हणून एक गोष्ट इथंच लिहिते. पारावर मी सगळ्या गावासमोर सांगितलं की ते वाक्य रागाच्या भरात निघून गेलं. गावानं ते मानलं, त्या पोरीनंही मानलं, परवा तर तिनं माझ्या नव्या ब्लाउजचं माप घेतलं. खरं असं आहे की ते वाक्य मी सभेच्या आदल्या दिवशी सकाळी भाकरी थापताना जुळवलं होतं. नांदवता आणि नांदवीन, दोन्ही बरोबर जागी पडेपर्यंत चार-पाच वेळा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं होतं, आणि जमलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.